आधी कागद, मग हातोडा

घरात लग्न ठरले की पहिली नजर पत्रिकेकडे जाते आणि दुसरी भिंतींकडे. काल-परवापर्यंत चालून गेलेला पोपडा एकाएकी खुपू लागतो. न्हाणीघराची फरशी जुनी वाटते, स्वयंपाकघर अंधारे वाटते आणि ‘पाहुणे येणार’ या दोन शब्दांवर सारे घर गवंड्याच्या हवाली होते. त्याच सुमारास कुणीतरी सांगते की गृहकर्ज दुसऱ्या बँकेत नेले तर व्याज कमी बसते, वर दुरुस्तीसाठी वाढीव रक्कमही मिळते. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी खऱ्या आहेत. त्यांतली आधी कोणती करायची, एवढाच प्रश्न उरतो आणि पुष्कळ घरांत तो विचारलाच जात नाही.

सांगलीतल्या एका घरात तो विचारला गेला होता, पण त्याला उत्तर मिळाले नाही. तळमजला वडिलांच्या हातचा. वरचा मजला मुलाने २०१६ मध्ये एका गृहवित्त कंपनीचे कर्ज काढून बांधलेला. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचे पाणी तळमजल्यात शिरले, तेव्हापासून स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीची ओल हटली नव्हती. गृहस्थांचे कापडाचे दुकान. घरात चौऱ्याहत्तर वर्षांच्या आई. गावात मुनिसंघाचा चातुर्मास असला की चौका लावायचा हा त्यांचा नेम आणि ओल आल्यापासून त्या भिंतीशेजारी चौका लावणे त्यांना प्रशस्त वाटत नव्हते. अशात मुलाचे लग्न वैशाखात ठरले. पौषात गवंडी मोकळा सापडला.

“अहो, आधी बँकेचे होऊ द्या, मग फोडू या,” असे पत्नीने म्हटले होते.

“कर्ज काय, आज ना उद्या मिळेल. गवंडी पुन्हा मिळायचा नाही,” हे गृहस्थांचे उत्तर.

आठ दिवसांत ओटा फुटला, मागची भिंत गेली. भिंत गेलीच आहे तर स्वयंपाकघर बाजूच्या मोकळ्या जागेत सहा फूट वाढवून घेऊ, असे कंत्राटदाराने सुचवले आणि पायाही भरून झाला. त्यानंतर गृहस्थ बँकेत गेले.

त्यांचे गणित वरवर पाहता चुकीचे नव्हते. कर्जाचे २४ लाख रुपये शिल्लक, मुदत १२ वर्षे, व्याज ९ टक्के, म्हणजे हप्ता सुमारे २७,३१३ रुपये. नवी बँक त्या वेळी ८ टक्क्यांनी कर्ज घ्यायला तयार होती; हप्ता २५,९७९ रुपयांवर आला असता. महिन्याचा फरक १,३३४ रुपये, बारा वर्षांत सुमारे १ लाख ९२ हजार. प्रक्रिया शुल्क, वकिलाचा अहवाल, मूल्यांकन, नव्या तारणाचे मुद्रांक शुल्क आणि दुय्यम निबंधकाकडे द्यावयाची तारणाची सूचना असा सारा खर्च २५ हजार धरला, तरी तो एकोणीस महिन्यांत भरून निघाला असता. शिवाय दुरुस्तीसाठी ६ लाखांची वाढीव रक्कम, म्हणजे रूढ भाषेत टॉप-अप, साडेआठ टक्क्यांनी मिळणार होती.

बँकेचा मूल्यांकनकार घर पाहायला आला तेव्हा स्वयंपाकघराच्या जागी विटांचा ढीग होता. मंजूर नकाशात सामासिक अंतर म्हणून सोडलेल्या जागेत नवा पाया दिसत होता. त्याने अहवालात दोन ओळी लिहिल्या: काम अपूर्ण, बांधकाम मंजूर नकाशाप्रमाणे नाही. या दोन ओळींनंतर कोणत्याही शाखाधिकाऱ्याला प्रकरण पुढे नेता येत नाही. काम पूर्ण करा, वाढीव भाग नियमित करून घ्या किंवा काढून टाका, मग या, असे उत्तर मिळाले. ते सौजन्यानेच दिले गेले. बँकेला दोष देण्यासारखे त्यात काही नव्हते. जे घर ती तारण घेणार, ते तिच्या माणसाला उभे दिसले नाही.

मूल्यांकन कसे होते याविषयी पुष्कळांचा गैरसमज असतो. स्वयंपाकघरावर तीन लाख खर्चले की घराची किंमत तीन लाखांनी वाढली, असे मालकाला वाटते. मूल्यांकनकार जागेचे क्षेत्रफळ त्या भागातील दराने मोजतो, बांधकामाचे क्षेत्रफळ चौरस फुटाच्या दराने मोजतो आणि इमारतीच्या वयाप्रमाणे घसारा वजा करतो. ओट्याचा ग्रॅनाइट, सरकत्या कप्प्यांची कपाटे, छताची नक्षी या गोष्टी त्याच्या हिशेबात फारशा येत नाहीत. त्या घरच्यांच्या सुखासाठी असतात. उलट ओल, तडे, गंजलेल्या सळया आणि नकाशाबाहेरचे बांधकाम मात्र त्याच्या नजरेतून सुटत नाही. तेव्हा ‘घर आधी सजवू, म्हणजे कर्ज जास्त मिळेल’ हा विचार बहुतेक वेळा फोल ठरतो. परवानगी घेऊन क्षेत्रफळच वाढवले आणि ते कागदावर आले, तर गोष्ट निराळी.

कर्जाच्या रकमेला वरूनही मर्यादा आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, त्यापुढे ७५ लाखांपर्यंत ८० टक्क्यांपर्यंत आणि त्याहून मोठ्या कर्जात ७५ टक्क्यांपर्यंतच रक्कम देता येते. टॉप-अप देताना अनेक संस्था याच्याही अलीकडे थांबतात. वाढीव रकमेचा विनियोग खरोखर सांगितलेल्या कामासाठी होतो की नाही, याकडेही अलीकडे अधिक बारकाईने पाहिले जाते. कंत्राटदाराचे सहीनिशी अंदाजपत्रक ही यासाठीच महत्त्वाची वस्तू आहे. तोंडी आकड्यावर घर फोडता येते, कर्ज मागता येत नाही.

सांगलीच्या घरात आता कंत्राटदार पैसे मागत होता आणि लग्न चार महिन्यांवर होते. तळमजल्यावर चूल मांडायला जागा नव्हती. आई मागच्या पडवीत शेगडीवर स्वयंपाक करीत. रात्रिभोजनाचा त्याग असल्याने थंडीच्या दिवसांत सहाच्या आत सर्वांची ताटे वाढून व्हावी लागत. कामगारांची उठबैस, सिमेंटची धूळ आणि मावळता दिवस यांच्यात त्यांची रोज धावपळ होई. त्या बोलत काही नसत. गृहस्थांनी ६ लाखांचे वैयक्तिक कर्ज काढले: १३ टक्के, पाच वर्षे, हप्ता १३,६५२ रुपये.

खरी गाठ इथे बसली. हप्ता जड आहे, एवढेच यात नव्हते. विवरणपत्रांवरून गृहस्थांचे मासिक उत्पन्न सरासरी ७० हजार दिसत होते आणि सर्व हप्ते मिळून त्याच्या निम्म्याच्या आत असावेत असे बँकेचे धोरण होते. म्हणजे ३५ हजार. आधी गेले असते तर नव्या गृहकर्जाचा २५,९७९ आणि बारा वर्षे मुदतीच्या टॉप-अपचा ६,६६० असे मिळून ३२,६३९ रुपये होत होते. प्रकरण बसत होते. आता वैयक्तिक कर्जाचा हप्ता मोजल्यावर टॉप-अप न मागताही बेरीज ३९,६३१ वर गेली. वाढीव पाया काढून टाकला, स्वयंपाकघर जुन्या आकारात बांधून झाले, घर नकाशाप्रमाणे उभे राहिले, तरी दार बंदच. ज्या कर्जाने काम पुरे झाले, त्याच कर्जाने स्वस्त कर्जाची वाट अडवली.

दुकानदारांच्या बाबतीत हे अधिक घडते. हातात येणारा पैसा आणि विवरणपत्रात दिसणारे उत्पन्न यांत अंतर ठेवण्याची सवय व्यापारात जुनी आहे. ती कोणत्या दिवशी महाग पडते, हे बँकेच्या टेबलासमोर बसल्यावर कळते.

टॉप-अपविषयीही एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण ती जाहिरातीत सांगितली जात नाही. सहा लाखांचे वैयक्तिक कर्ज १३ टक्क्यांनी पाच वर्षांत फेडले तर व्याज सुमारे २ लाख १९ हजार पडते. तेच सहा लाख साडेआठ टक्क्यांनी, पण बारा वर्षांत फेडले तर व्याज सुमारे ३ लाख ५९ हजार. दर स्वस्त आणि कर्ज महाग! ज्या स्वयंपाकघराच्या कपाटांच्या बिजागऱ्या आठ-दहा वर्षांत ढिल्या होतात, ज्या भिंतींचा रंग पाचव्या वर्षी उतरतो, त्यांचा हप्ता बाराव्या वर्षीही चालू राहतो. साडेआठ टक्क्यांचे कर्ज पाच वर्षांतच संपवले तर मात्र व्याज १ लाख ३९ हजारांवर येते. वैयक्तिक कर्जापेक्षा ८० हजार वाचतात.

पाच वर्षांचा हप्ता १२,३१० रुपये होतो आणि तो धरला तर बेरीज पुन्हा ३५ हजारांच्या वर जाते, अशी शंका जाणकार वाचकाच्या मनात येईल. ती रास्त आहे. मार्ग असा की मंजुरी लांब मुदतीची घ्यावी, हप्ता लहान ठेवावा आणि दरमहा ५,६५० रुपये आपणहून जास्त भरावेत. वैयक्तिक कर्जदाराने बिगरव्यावसायिक कारणासाठी घेतलेल्या बदलत्या व्याजदराच्या कर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड आकारता येत नाही. गृहकर्जाच्या बाबतीत बँकांवर हे बंधन २०१२ पासून आहे. वैयक्तिक कर्ज बहुधा स्थिर दराचे असते, तिथे ही मोकळीक गृहीत धरू नये. जादा रक्कम ‘पुढील हप्ता’ म्हणून जमा झाली की मुद्दलात, हे दर तिमाहीला उताऱ्यावर तपासावे. शाखेत सांगितले आणि नोंद वेगळीच झाली, असे होऊ शकते.

सांगलीच्या गृहस्थांनी हा हिशेब नंतर मांडून पाहिला. सध्या ते २७,३१३ आणि १३,६५२ मिळून ४०,९६५ रुपये दरमहा भरतात. योग्य क्रमाने गेले असते तर पाच वर्षांत टॉप-अप संपवण्याचा निश्चय पाळूनही ३८,२८९ भरावे लागले असते. महिन्याला २,६७६ रुपयांचा फरक आणि घर फोडण्याचे दोन महिने पुढे ढकलणे, एवढीच काय ती किंमत होती.

पुढे ढकलणे सर्वच कामांत चालत नाही, हेही खरे. स्लॅबच्या सळया उघड्या पडल्या असतील, छत ठिबकत असेल, वायरिंगला चटका बसत असेल, तर कर्जाची वाट पाहत बसणे हा शहाणपणा नव्हे. तेवढे काम साठवणीतून लगेच करावे आणि तिथेच थांबावे. असे काम झालेले घर मूल्यांकनातही बरे ठरते. अडचण येते ती गवंडी घरात आलाच आहे म्हणून यादी वाढत जाते तेव्हा.

आता वेळेचा हिशेब. दक्षिण महाराष्ट्रात गच्चीचे जलरोधन आणि बाहेरचा गिलावा पावसापूर्वी, म्हणजे मेअखेर संपायला हवा. चातुर्मासात आरंभ-समारंभ कमी करावेत ही श्रावकाची दृष्टी, आणि आषाढ-श्रावणात ओल्या भिंतीवर रंग टिकत नाही हा रंगाऱ्याचा अनुभव. दोन्ही एकाच महिन्यांकडे बोट दाखवतात. तीन महिन्यांचे काम मेअखेर संपवायचे तर ते फेब्रुवारीअखेर सुरू व्हावे. त्या दिवशी टॉप-अपची रक्कम खात्यात असावी. यासाठी मागे किती जायचे?

नवी बँक आधी जुन्या कर्जाची रक्कम थेट जुन्या संस्थेला देते. जुनी संस्था मूळ दस्तऐवज सोडवून देते. कर्ज पूर्ण फिटल्यावर दस्तऐवज ३० दिवसांत परत करावेत, संस्थेच्या चुकीने उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. त्यापूर्वी काही घरांना महिनोन्महिने खेटे घालावे लागत. दस्तऐवज नव्या बँकेत जमा झाल्यावर तारण होते आणि महाराष्ट्रात त्याची सूचना ३० दिवसांच्या आत निबंधक कार्यालयाकडे द्यावी लागते. अनेक बँका टॉप-अप याच टप्प्यानंतर मोकळा करतात. मंजुरीपत्र हाती आले म्हणजे पैसे आले, या समजुतीने कंत्राटदाराला तारीख देणारे गृहस्थ इथेच अडकतात. मंजुरी, दस्तऐवज आणि तारण मिळून दोन-अडीच महिने धरावेत. म्हणजे अर्ज डिसेंबरच्या आरंभी, दिवाळीनंतर थोड्याच दिवसांत.

व्यापाऱ्याला हा काळ आणखी एका कारणाने सोयीचा आहे. लेखापरीक्षण होणाऱ्यांचे विवरणपत्र साधारणतः ऑक्टोबरअखेर दाखल होते. बँक मागच्या दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे मागते. ताज्या वर्षी उत्पन्न वाढले असेल तर ते कागदावर आल्यावरच अर्ज करावा. सप्टेंबरात घाई करून जुन्या आकड्यावर पात्रता कमी करून घेण्यात काय हशील?

अर्जापूर्वी एक फेरी मात्र जुन्या संस्थेकडेच मारावी. २०२५ या एका वर्षात रेपो दर ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आला, तरी प्रत्येक कर्जदाराचा दर तितका उतरला असे नाही. बँकांची ऑक्टोबर २०१९ नंतरची बदलत्या दराची गृहकर्जे बाह्य निर्देशांकाशी जोडलेली असतात. त्यापूर्वीची जुनी कर्जे आणि गृहवित्त कंपन्यांची कर्जे बहुधा त्या-त्या संस्थेच्या स्वतःच्या आधारदरावर चालतात, आणि तो सावकाश उतरतो. थोडे रूपांतर शुल्क भरून दर कमी करून मिळत असेल तर दस्तऐवज हलवण्याचा खटाटोप वाचतो, आणि त्याच संस्थेकडून टॉप-अपही मागता येतो. दर उतरवून मिळण्यासाठी लेखी अर्ज करावा लागतो, विचारल्याशिवाय कुणी देत नाही. नकार मिळाला तर पुढची वाट मोकळी आहेच.

दुसरीकडे जाताना मुदतीकडे लक्ष ठेवावे. बारा वर्षे उरलेले कर्ज नव्या बँकेत ‘हप्ता आणखी हलका’ म्हणून पुन्हा वीस वर्षांचे करून घेतले, तर स्वस्त दराचा सगळा लाभ वाहून जातो. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जदाराला संस्थेने मुख्य तथ्य विवरण द्यावयाचे असते. शुल्कांसह वार्षिक खर्चाचा खरा टक्का त्यात दिलेला असतो. हे विवरण कर्जदाराला समजेल अशा भाषेत असावे, अशीही अट आहे. मराठीत मागावे. दोन संस्थांची विवरणे शेजारी ठेवून पाहिली की तोंडी आश्वासनांचे वजन कळते.

आयकराचे दोन शब्द. जुन्या करपद्धतीत राहत्या घराच्या खरेदी किंवा बांधकामाच्या कर्जावरील व्याजाची वजावट वर्षाला २ लाखांपर्यंत मिळते. दुरुस्ती-नूतनीकरणाच्या कर्जाच्या व्याजाला मात्र त्यातच ३० हजारांची मर्यादा आहे. नव्या पद्धतीत राहत्या घराला ही वजावटच नाही. म्हणून टॉप-अपचे खाते वेगळे असावे आणि बिले जपावीत. पुढे कधी घर विकले तर भांडवली स्वरूपाच्या सुधारणेचा खर्च नफ्यातून वजा करताना हीच बिले लागतात. रंगरंगोटी त्यात धरत नाहीत.

बँक बारा लाख द्यायला तयार असली आणि गरज सहाची असली, तर घरात एक विचित्र चर्चा सुरू होते. मग दिवाणखान्याचे छतही करून घेऊ, वरच्या मजल्याची फरशीही बदलू. परिग्रहपरिमाणात आपल्या आचार्यांनी क्षेत्र आणि वास्तू यांची गणना सर्वात आधी केली आहे. कर्जाने वाढवलेली वास्तू त्या परिमाणात धरायची की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे; हप्ता मात्र ती धरतोच.

सांगलीच्या त्या घरात लग्न वेळेवर झाले. पाहुणे वरच्या मजल्यावर उतरले, पंगती मंगल कार्यालयात झाल्या, स्वयंपाकघर फारसे कुणी पाहिलेही नाही. मागची भिंत नव्याने बांधली, खाली ओल अडवणारा थर दिला, आणि तो एक पावसाळा कोरडा गेला. वाढीव पाया भरणे आणि काढणे यांत गेलेल्या पैशांमुळे सुताराचे काम अर्धे राहिले. ओट्याखालच्या कप्प्यांना दारे नाहीत. आईंनी जुन्या सुती साड्यांचे पडदे शिवून लावले आहेत. चातुर्मासात त्यांनी तिथेच चौका लावला.

गृहस्थांनी दरम्यान लेखापालाला गाठून विवरणपत्रात दुकानाचे उत्पन्न पूर्ण दाखवायला सुरुवात केली आहे. वैयक्तिक कर्जाचे मुद्दल दर महिन्याला किती उतरले, हे त्यांच्या पत्नी दिनदर्शिकेच्या मागच्या पानावर लिहून ठेवतात. बेरीज बँकेच्या मर्यादेत बसायला अजून किती हप्ते हवेत, तो आकडाही त्याच पानावर, तांबड्या शाईने गोल करून ठेवलेला आहे. नव्या अर्जासाठी लागणारा मंजूर नकाशा, मिळकत पत्रिका आणि कर भरल्याच्या पावत्या त्यांनी एका फाइलीत लावल्या आहेत. सुताराला दारांचे अंदाजपत्रक लेखी द्यायला सांगितले आहे. तो म्हणाला, “ताई, एवढ्याशा कामाला कागद कशाला?” तरी त्यांनी तो त्याच्याकडून लिहून, सही करून घेतला.